वीस नट

मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. या दोन गोष्टी एका माणसात आल्या की त्याला एक आजार जडतो. कुठलीही वस्तू स्वस्तात कुठे मिळेल हे जगात आपल्यालाच कळतं, असं त्याला वाटू लागतं. ऑक्टोबरात माँट्रियलहून भाच्याचा फोन आला आणि माझ्या आजाराने उचल खाल्ली.

"मामा, चाकाचे नट फुगलेत."

पुरी फुगते, व्याज फुगतं, रविवारी जेवल्यावर मीही फुगतो. पण लोखंडी नट? भाच्याने समजावून सांगितलं. क्वेबेक प्रांतात २००८ पासून थंडीचे टायर सक्तीचे आहेत. आता १ डिसेंबर ते १५ मार्च. म्हणजे वर्षातून दोनदा चाकं उतरवा, चढवा. शिवाय बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. (आमच्याकडे खडी टाकतात आणि तशीच ठेवतात. पण तिने गंज चढत नाही, हे मान्य केलं पाहिजे.) त्याचे नट चकचकीत होते, पण ती चकाकी म्हणजे नुसतं पातळ टोपण, आत साधं लोखंड. खारं पाणी मधल्या फटीत शिरलं, लोखंड गंजून फुगलं आणि १९चा पाना बसेनासा झाला.

"रात्री बर्फात पंक्चर झालं, मागे तान्ही पोर असली, तर..." एवढं बोलून तो थांबला. हा पोरगा माझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायचा हो!

"तू काही घेऊ नकोस. मी बीडहून पाठवतो. किती?"

"वीस."

डॉलरला रुपयांनी गुणत मी जालना रोडवर मिस्त्रीकडे गेलो आणि यादी वाचली: होंडाचे नट, अखंड एका लोखंडाचे, जस्ताचा मुलामा दिलेले, आट्यांत मीठ जाऊ नये म्हणून वरून बंद.

"आटे कंचे?"

"म्हणजे?"

"सायब, बँकेत सही जुळवता का न्हाई? तसे आटे जुळवावं लागतेत."

माझी गाडी मारुती ८००. कंपनीने २०१४ साली बंद केली, मी अजून केलेली नाही. तिचा आटा १२ बाय सव्वा, होंडाचा १२ बाय दीड. एकाचा नट दुसऱ्यावर दोन वेढे गोडीगुलाबीने जातो, मग अडतो. पान्याने रेटला की स्टड कामातून गेला. आटे जुळले तरी बूड राहतंच. होंडाच्या मूळ चाकाला गोल बुडाचा नट, आणि थंडीसाठी वेगळे घेतलेले साधे लोखंडी रिम बहुधा शंकूच्या बुडाचे. गोल बूड शंकूत बसल्यासारखं दिसतं, पण टेकतं नुसतं काठावर, आणि चालता चालता ढिलं होतं. खात्यात नाव बरोबर, सही चुकीची! बरं, सगळं बरोबर बसलं तरी पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचं.

हे दाखवायला मिस्त्रीने माझ्याच गाडीच्या मागच्या चाकाचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं आणि तो गप्प झाला.

"सायब, चौथा नट कुठंय?"

मी वाकून पाहिलं. चौथा नव्हताच.

"आन् ह्यो तिसरा दुसऱ्याच गाडीचा हाय. दोन आट्यांवर लटकलाय."

गेल्याच पौर्णिमेला मी ताईला, म्हणजे या भाच्याच्याच आईला, योगेश्वरीच्या दर्शनाला अंबाजोगाईला नेलं होतं. मांजरसुंब्याच्या घाटात मागून खडखड येत होती. ताई म्हणालीसुद्धा, "काहीतरी वाजतंय रे." मी रेडिओ मोठा केला होता.

मिस्त्री नट शोधत होता तोवर मी दुकानाच्या फळीवर बसून राहिलो. चहा आला, तो तसाच गार झाला.

रात्री भाच्याचा फोन.

"मामा, मिळाले का नट?"

"तुझे तिकडेच घे बाबा. दोन्ही चाकं दुकानात ने आणि बूड टेकवून बघ. घाई करू नकोस."

"म्हणजे तुम्ही घेतलेच नाहीत?"

"घेतले की. दोन."

"दोनच?"

"इकडे दोनच कमी होते," मी म्हणालो आणि फोन ताईकडे दिला.