उशिराची करामत

मे महिना. आंधी येऊन गेली की दिल्लीतल्या द्वारकेत बंद खिडक्यांच्या फटींतूनही धूळ घरभर होते. नेमक्या अशा वेळी व्हॅक्यूम क्लीनरने हेका धरलाय. वेगाचं बटण कुठंही फिरवा, मोटर पूर्ण वेगानेच किंचाळते. पडदा साफ करायला जावं, तर पडदाच गिळते.

सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियनचा निकाल ठरलेला: ‘भाईसाहब, नया ले लो.’ पण मोटर ठणठणीत होती. गेला होता तो ट्रायॅक. ५० हर्ट्झच्या विजेत सेकंदाला १०० अर्धलहरी येतात. प्रत्येकीत हा जरा थांबून वीज सोडतो. जितका उशीर, तितका वेग कमी. उशिराचा असा सदुपयोग दिल्लीत प्रथमच पाहिला! मल्टिमीटरने ट्रायॅक शॉर्ट झाल्याचं दाखवलं; म्हणजे त्याचं थांबणंच बंद.

मेट्रोने चांदनी चौक, तिथून लाल किल्ल्यासमोरचं लाजपतराय मार्केट. दुकानदार ४ अँपिअरचा बीटी-१३६ ट्रायॅक पुढे करत होता. १२०० वॉटच्या मोटरला पाचाहून अधिक लागतात, म्हणून १६ अँपिअरचा बीटी-१३९ घेतला. त्याच्या धातूच्या पाठीतही वीज खेळते; खाली अभ्रकाची चकती हवीच. उघडलंच होतं, तर झिजलेले कार्बन ब्रशही बदलून टाकले.