ओढून नेण्याचा हिशेब

गेल्या नाताळच्या सुटींत वसतिगृहांतच राहिलेल्या दोन विद्यार्थ्यांनीं आम्हांस एका खेळास बसविलें. खेळाचें नांव 'स्टार फ्लीट बॅटल्स'. स्टीफन कोल यांनीं रचलेला हा अमेरिकन खेळ 1979 सालीं प्रसिद्ध झाला. षट्कोनी घरांच्या पटावर अंतराळनौका लढतात, आणि इंजिनांची शक्ति कोठें किती खर्चावयाची याचा हिशेब प्रत्येक फेरीच्या आरंभीं कागदावर मांडावा लागतो. गणिताच्या शिक्षकास याहून अधिक काय हवें!

एक विद्यार्थी आमच्या पक्षास होता. तिसऱ्या फेरींत त्याच्या नौकेचीं बहुतेक इंजिनें निकामी झालीं. शत्रु 18 घरांच्या चालीनें पाठीस लागला. "सर, माझी नौका ओढून नेतां येईल," असें म्हणून त्यानें नियम दाखविला. तीन घरांच्या आंतील नौका आकर्षण-किरणानें बांधतां येते. परंतु मग चालीची शक्ति दोन्ही नौकांच्या भारांच्या बेरजेनें भागावी लागते. 30 शक्तीनें एकटी 30 घरें जाणारी आमची नौका तेवढ्याच भाराची दुसरी ओढतांना 15 घरेंच जाणार. किरणाचा खर्च निराळाच.

"पंधरा म्हणजे दोघेही बुडालों," असें म्हणून आम्हीं त्यास सोडलें. आम्ही निसटलों, त्याची नौका गेली. त्यानें मुकाट्यानें सोंगटी उचलून डब्यांत ठेविली.

त्या रात्रीं आम्हांस झोंप येईना. आमच्या वडील बंधूंनीं शिक्षण सोडून नोकरी धरली, म्हणून आम्ही पदवीधर झालों. त्यांची चाल आमच्यापायीं निम्मी झाली. पण त्यांनीं भागाकार केला नव्हता.

सकाळीं आम्हीं नियम पुन्हां वाचला. ओढली जाणारी नौकाही स्वतःची शक्ति लावूं शकते, आणि तिचाही त्याच रीतीनें भागाकार होतो. मुलाच्या नौकेंत 10 शक्ति शिल्लक होती. तिचीं 5 घरें मिळून चाल 20 झाली असती. दोघेही वांचलों असतों. तुझ्याजवळ किती उरलें आहे, हें आम्हीं त्यास विचारलेंच नव्हतें.

वर्गांत मागें पडलेल्या मुलांचा हिशेबही आम्ही आजवर असाच एकट्याच्या शक्तीवर मांडीत आलों. ही चूक आम्हीं त्या मुलाजवळ कबूल केली. तो हंसला आणि म्हणाला, "सर, पुन्हां डाव मांडूं या. ह्या खेपेस मीही जोर लावीन."