दुसऱ्यांची लढाई

वऱ्हाडात, सिंदखेडराजा तालुक्यातलं साखरखेर्डा हे सोयाबीन-तुरीचं गाव. या शिवारात ११ ऑक्टोबर १७२४ रोजी हैदराबादच्या निजामाचं राज्य जन्माला आलं, हे तिथून जाताना मला दर वेळी नवलाचं वाटतं. वजिरी सोडून निजामुल्मुल्क दक्षिणेत परतला होता. बादशहा महंमदशहानं हैदराबादच्या मुबारिजखानाला आतून फूस दिली. मराठ्यांनी निजामाची बाजू धरली. मुबारिजखान रणात पडला, आणि पुढच्याच वर्षी त्याच बादशहानं निजामाला ‘आसफजाह’ किताब दिला. इतकी उलथापालथ झाली, पण तिच्यात वऱ्हाडचा म्हणावा असा पक्ष मला कुठं सापडत नाही.

ग्रीसमधलं ल्यूक्ट्राही असंच खेडं. इ.स.पू. ३७१ मध्ये थीब्जच्या एपॅमिनॉन्डसनं तिथं स्पार्टाचं सैन्य मोडलं. राजा क्लिओम्ब्रोटस मेला. पण थीब्ज त्याच बिओशिया प्रांतातलं शहर होतं. जिंकणारे घरचे होते. त्यांचा दबदबा फार टिकला नाही, इ.स.पू. ३३८ मध्ये कायरोनियाला मॅसिडोनियाच्या फिलिपनं तो संपवला. तरी तेहेतीस वर्षं का होईना, रान आणि राज्य एकाच माणसांचं होतं.

साखरखेर्ड्याचा विजय निजामाच्या घराण्याला १९४८ पर्यंत, सव्वादोनशे वर्षं पुरला. तो वऱ्हाडाला काय देऊन गेला? पावसाळा नुकता सरलेला, रानात ज्वारी उभी असणार. ती घोड्यांच्या टापांखाली गेली असेल. पुढं १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावानं निजामाला कोंडलं आणि मुंगी-शेवगावच्या तहात चौथ-सरदेशमुखी मान्य करून घेतली. म्हणजे मुलूख निजामाचा, वसुलीत वाटा मराठ्यांचा. कुणब्याच्या एकाच खळ्यावर दोन सरकारांचा हक्क. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात. ते सोनं कोणी किती न्यायचं, हाच साऱ्यांचा तंटा होता.

१८५३ मध्ये तर कमाल झाली. इंग्रजांच्या ताब्यातल्या फौजेचा खर्च थकला, म्हणून निजामानं वऱ्हाड त्यांच्या हाती सोपवलं. तलवारीनं मिळवलेला प्रांत फौजेच्याच बाकीपोटी गहाण पडला, आणि या व्यवहारातही वऱ्हाडला कोणी विचारलं नाही.

म्हणून इतिहासातलं कुठलंही साल वाचताना कोण जिंकलं याच्याइतकंच मी आता हेही पाहतो, की ज्यांच्या रानात लढाई झाली, त्यांचं कोणी त्यात होतं का. ल्यूक्ट्राला होतं. साखरखेर्ड्याला जो जिंकेल त्याला सारा भरण्यापुरतंच गाव मोजलं गेलं.