टार्गेट कोण ठरवतं?

ग्रुप लोनच्या तक्रारी घेऊन मी काही वर्षांपासून वस्तीतल्या बायांबरोबर काम करते. एक वाक्य सतत कानावर येतं, "ताई, तो सर वाईट नाही, त्याला टार्गेट आहे." खरंच आहे. वसुलीला येणारा पोरगा बहुतेक वेळा आपल्यासारख्याच घरातला असतो. म्हणून प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाहीच. प्रश्न असा की त्याचं टार्गेट कशावरून ठरतं?

बाईची मिळकत किती, तिला हप्ता झेपेल का, यावरून ते ठरत नाही. शेजारच्या गल्लीत दुसऱ्या कंपनीने किती ग्रुप केले, यावरून ठरतं. एक कंपनी वाढली की दुसरीला गुंतवणूकदार विचारतात, तुम्ही मागे का? मग वरून आकडा सुटतो आणि बाईच्या दारात हप्ता होऊन उभा राहतो.

स्पर्धा वाढली की ग्राहकाचा फायदा, असं आपल्याला शिकवलं जातं. आंध्र प्रदेशात काय झालं? एकेका गावात अनेक कंपन्या उतरल्या. चढाओढ व्याज कमी करण्याची नव्हती, कर्जदार वाढवण्याची होती. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज! ऑगस्ट २०१० मध्ये एसकेएस मायक्रोफायनान्सचा शेअर बाजारात आला. ऑक्टोबरमध्ये, कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर, सरकारला सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला.

पुढे मालेगाम समिती आली, नियम आले. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की घराच्या सगळ्या कर्जांचे मासिक हप्ते उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत. नियम चांगला आहे. पण मी पाहिलेल्या फॉर्मांवर उत्पन्नाचा आकडा कोण लिहितं? ज्याच्या डोक्यावर टार्गेट आहे तोच!

तेव्हा मागणी साधी आहे. उत्पन्नाची तपासणी टार्गेट नसलेल्या माणसाकडे द्या. आणि ऑफिसरने कर्ज न झेपणाऱ्या किती घरांना नकार दिला, हेही त्याच्या कामगिरीत मोजा. स्पर्धेतली कंपनी हे आपणहून करणार नाही, कारण नकार देणारी कंपनी आकड्यांत मागे पडते. म्हणून हा नियम सगळ्यांना एकदम लागू व्हायला हवा.

तोवर बायांनो, सही करण्याआधी उत्पन्नाचा रकाना वाचून घ्या. तिथला आकडा तुमचा नसेल, तर सही करू नका.