कोयशाची गाडी

आमची आजी आगगाडीला कधी आगगाडी म्हणालीच नाही. तिच्यासाठी ती कोयशाची गाडी. वरोऱ्यावरून मद्रासची एक्सप्रेस धडधडत जायची, तरी तीही कोयशाचीच. मी शाळेत जाणारा. हसायचो.

"हास बाबू. पण तुया आज्याच्या बापानं टोपलं भरलं, मंग हे गाडी आली."

पुढं चळवळीत आलो, पुस्तकं चाळली, तेव्हा कळलं, म्हातारी बरोबर होती. या लाइनीचं मूळ नावच वर्धा कोल स्टेट रेल्वे. १८६७ ला रेल्वे नागपुरात पोचली. इंजिनाला कोळसा पाहिजे. विलायतेहून बोटीनं येणारा महाग. वरोऱ्याला जमिनीखाली सापडला. १८७० नंतरच्या दशकात सरकारनं तिथं खाण चालवली आणि वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्यापर्यंत सत्तरेक किलोमीटर रूळ टाकले.

१९०६ मध्ये खाण बंद झाली. रूळ मात्र बल्लारपूरकडे सरकले. १९२९ ला काझीपेठची जोड मिळाली आणि दिल्ली-मद्रास सरळ रस्ता झाला. आणि पणजा? तो गावात परतला. गावानं त्याला पुन्हा मेलेली ढोरं ओढायला लावली. तो म्हणे सांगायचा, खाणीत टोपल्याले जात नव्हती, वर आलं का पाण्याच्या मडक्याले होती.

१९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसाखाणी बघून आले. जानेवारी १९४४ मध्ये कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून रवाना होणाऱ्या कोळशावर उपकर, आणि तो पैसा मजुराच्या घरासाठी, पाण्यासाठी, दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी. म्हणजे वॅगन हलली की मजुराचा हिस्सा बाजूला काढा! पणज्यासाठी हा कायदा अडतीस वर्षं उशिरा आला. आजा तेव्हा बल्लारपूरच्या खाणीत होता. १६ ऑक्टोबर १९५६ ला त्यानं चांद्याला बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतली. पण तो म्हणायचा, "मी त्यायले आधीच ओळखलो होतो. कोयशाच्या हिशोबातून."

दोस्तहो, दीक्षेची तारीख आपल्याला पाठ आहे. चौवेचाळीसचा तो वटहुकूम आपल्यातल्या किती जणांनी वाचला?

आणि घरात म्हातारं माणूस असेल तर आजच वही घेऊन बसा. खाणीत कोण उतरलं, कोण मेलं, कोणाला किती मजुरी मिळाली, विचारा. रेल्वेच्या कागदात टनांचा हिशोब सापडतो. टोपलं उचलणाऱ्याचं नाव सापडत नाही. माझी आजी गेली. पणज्याचं नाव तिला ठाऊक होतं. मी हसत बसलो, विचारलं नाही.