खांद्यावरची होडी

होडी पाण्यावर चालते, हें कोंकणांतल्या माणसास कोणी सांगावें लागत नाहीं. बीड जिल्ह्यांत मात्र होडीचें निम्में आयुष्य जमिनीवर जातें. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, माजलगांवास सिंदफणेवर १९८७ सालीं पुरें झालेलें धरण आहे, आणि केज तालुक्यांत धनेगांवापाशीं मांजरेचें धरण आहे. पण या पाण्याचा स्वभाव पाहुण्याचा. पावसाळ्यानंतर तें वेशीशीं येऊन बसतें आणि उन्हाळ्यांत न सांगतां दूर निघून जातें. ज्या मांजरा धरणावर लातूर शहर विसंबून होतें तें आटलें, आणि २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी न्यावें लागलें. अशा मुलखांत मासे धरणाऱ्याची होडी दोन कसोट्यांस उतरली पाहिजे. ती तरली पाहिजे, आणि पाणी मागें हटलें कीं चिखलांतून उचलून नेतां आली पाहिजे.

माजलगांवकडील एका भोई गृहस्थांच्या होडीस डेक बसविण्याचें काम मीं जवळून पाहिलें. कित्येक वर्षें थर्मोकोलच्या तराफ्यावर काढल्यानंतर त्यांनीं फायबरची एक लहानशी होडी घेतली होती. तिचा तळ गोलसर. राहू-कटल्यानें भरलेलें जाळें ओढतांना पाय घसरे. आणि जाळ्यांत पाय गुंतून जो पाण्यांत पडला, त्याला पोहतां येऊनहि वर येणें कठीण. पायांखालीं सपाट जागा हवी होती. तीहि तळाच्या शक्य तितकी जवळ, कारण उभें राहण्याची जागा जितकी उंच, तितकी होडी कलंडण्यास सोपी.

डेकच्या फळ्या ज्या चौकटीवर बसावयाच्या, ती कशाची करावी हा खरा प्रश्न होता. लांकूड भिजून जड होतें. लोखंड तर मुळांतच जड. शेवटीं काम गेलें सरकत्या खिडक्या करणाऱ्या एका तरुण कारागिराकडे. त्यानें खिडकीच्या पातळ पट्ट्या बाजूस ठेवल्या आणि ५० बाय २५ मिलिमीटरची, दीड मिलिमीटर जाड पत्र्याची ॲल्युमिनियमची चौकोनी नळी काढली. वीस मीटर नळीचें वजन भरतें साडेअकरा किलोच्या आसपास; तशीच लोखंडाची घेतली तर चौतीस किलो. भोईमामांनीं ती हातांत घेऊन तोलली.

“आरं पोरा, हे तर जर्मल! वाकंल की.”

“मामा, आडवं ठेवलं तर वाकंल. उभं करून बघा.”

त्या दोन वाक्यांत सगळें शास्त्र आलें. ॲल्युमिनियम वजनानें लोखंडाच्या सुमारें एक-तृतीयांश, पण ताठपणाहि तेवढाच कमी. मात्र हीच नळी आडवी ठेवण्याऐवजीं उंच बाजूवर उभी केली, तर ती जवळजवळ तिप्पट ताठ होते. धातूनें जें हिरावून घेतलें, तें नुसत्या ठेवण्याच्या रीतीनें परत मिळतें.

जोडकामांतहि असाच विवेक लागला. गांवांत दारें-फाटकें जोडणाऱ्याचें वेल्डिंग येथें चालत नाहीं. धातु ६६० अंशांवर वितळतो, पण त्याच्या अंगावरची ऑक्साइडची पातळ साय दोन हजार अंशांपलीकडे. त्यासाठीं ऑरगॉन वायूचें निराळें यंत्र हवें. शिवाय त्या उष्णतेनें कसदार नळी सांध्यापाशीं मऊ पडते. म्हणून सारे सांधे कोनपट्ट्या घालून बोल्टांनीं जोडले. बोल्ट स्टेनलेसचे, आणि दोन धातूंची ओली गांठ पडून ॲल्युमिनियम झिजूं नये म्हणून मध्यें नायलॉनच्या चकत्या. नळ्यांचीं टोंकें उघडीं ठेवलीं, आंत शिरलेलें पाणी निघून जावें म्हणून.

‘जर्मल’ या शब्दांत आमच्याकडे थोडी हेटाळणी आहे. पितळेचें घर तें संपन्न, जर्मलचें तें गरीब. पण तिसऱ्या नेपोलियनच्या काळीं हाच धातु फ्रान्समध्यें मौल्यवान धातूंच्या पंक्तीस बसत असे. पुढें १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्समध्यें एरू यांनीं, एकमेकांस नकळत, विजेच्या साहाय्यानें तो स्वस्तांत मिळविण्याची कृति शोधली, आणि राजाच्या मेजावरचा धातु गरिबाच्या चुलीवर आला. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात. त्यांच्या सामानांत पितळेचा हंडा विरळा. जर्मलचीं पातेलीं मात्र हटकून असतात. ज्यांना सहा-सहा महिने संसार हलवीत राहावें लागतें, त्यांना वजनाचा हिशेब कोणी शिकवावा लागत नाहीं.

भोईमामांची चौकट त्याच हिशेबांतली आहे. ती होडीस सहाच बोल्टांनीं अडकविली आहे. उन्हाळ्यांत पाणी सरकलें कीं बोल्ट सोडावयाचे, चौकट एकानें खांद्यावर घ्यावयाची, रिकामी होडी बाकीच्यांनीं उचलावयाची, आणि भेगाळलेल्या गाळावरून नव्या कांठाकडे चालूं लागावयाचें. धरण भरणें-आटणें माणसाच्या हातीं नाहीं. पाण्यामागें जातांना खांद्यावर चौतीस किलो घ्यावयाचे कीं बारा, एवढें मात्र एका खिडक्या करणाऱ्या पोरानें त्यांच्या हातीं आणून दिलें.