भाचरं आली भोपाळला

भोपाळच्या नकाशावर सोनागिरी शोधलीत तर पर्यटकाने पाहावं असं तिथे काहीही सापडणार नाही. रायसेन रोडच्या अंगाला, भेलच्या पिपलानी वसाहतीला आणि इंद्रपुरीला लागून असलेली ही साधी राहती वस्ती. ए, बी, सी अशी सेक्टरं, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, दारात तुळस आणि तुळशीला टेकवलेली स्कूटर. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सने, म्हणजे आजच्या भेलने, देशभरातली माणसं या बाजूला आणून वसवली. त्यांत आपल्याकडची मराठी घरंही आली आणि निवृत्तीनंतर आसपासच घर बांधून राहिली. भोपाळचे तलाव, महाल, संग्रहालयं मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, दहा-बारा किलोमीटरवर. म्हणून सोनागिरीत पाहुणे आले की यजमान आधी रिक्षाच्या भाड्याचा हिशेब करतो.

त्यातून पाहुणे जर नऊ ते पंधरा वयाची चार भाचरं असतील तर विचारूच नका. पूर्वी मुलं मामाकडे महिनाभर राहायची आणि त्यांना काही 'दाखवावं' लागत नसे. विहीर, आंबे, पत्ते यांतच सुट्टी सरायची. आता वरुडहून पांढुर्ण्याला येऊन मुलं गाडीत बसतात, शनिवार-रविवार राहतात आणि सोमवारच्या शिकवणीला परत. एवढ्या दोन दिवसांत मामा-मामीने काय केलं, याचा अहवाल घरोघरी जातो! आमच्या ओळखीच्या एका घरात अशाच चार मुलांवर मॉल, सिनेमा आणि पिझ्झा यांत महिन्याचा किराणा गेला. पुढच्या वर्षी मुलं येऊ का म्हणाली, तेव्हा 'आमच्याकडे परीक्षा आहेत' असं सांगून टाकलं. परीक्षा कुणाच्याच नव्हत्या. त्या दोन घरांतलं मुलांचं जाणं-येणं तेव्हापासून बंदच आहे. पैशांची गोष्ट सांगायला लाज वाटते, म्हणून बोलावणंच टळतं.

खरं तर ज्या शहरात मुलांना मोफत किंवा किरकोळ तिकिटात दाखवण्यासारखं इतकं आहे, तिथे ही वेळ यायला नको. खर्च दोनच गोष्टींचा असतो, भाड्याचा आणि बाहेर खाण्याचा. तेव्हा एका दिवसात एकच दिशा धरायची आणि जेवणाचा डबा घरून न्यायचा. दशम्या, तिखटाच्या पुऱ्या, लोणचं आणि कांदा. सकाळी पोहे घरी करायचे आणि जिलबी मात्र कोपऱ्यावरून गरम आणायची. पोहे-जिलबीची जोडी मुलांना नवी असते आणि पाव किलो जिलबीत पाहुणचार झाल्यासारखं वाटतं.

शनिवार श्यामला हिल्सचा. सिटी बसने जायला वेळ लागतो हे खरं, पण चार मुलं आणि दोन मोठी माणसं म्हणजे दोन रिक्षा, त्यामानाने बस फारच स्वस्त. इथलं इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय सोमवारी बंद असतं, शनिवार-रविवार उघडं. संग्रहालय म्हटल्यावर मुलांची तोंडं पडतात. काचेच्या कपाटातली भांडी आणि 'हात लावू नये' ही पाटी त्यांना पाठ असते. हे तसं नाही. दोनशे एकरांच्या टेकडीवर देशभरातल्या आदिवासींची घरं प्रत्यक्ष उभी केलेली आहेत, तीही त्या त्या समाजाच्या माणसांनी येऊन, आपल्या पद्धतीने बांधलेली. नागांचा मोरुंग आहे, वारल्यांचं घर आहे, किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या होड्या आहेत, राजस्थानातल्या वाळवंटातलं खेडं आहे. दारातून वाकून आत शिरायचं, चूल कुठे, धान्य कुठे साठवतात, गुरं कुठे बांधतात ते बघायचं. आमच्या धाकट्या भाच्याने तर प्रत्येक घरात 'इथे मी कुठे झोपलो असतो?' हा एकच प्रश्न लावून धरला होता. मोठ्यांनी माहिती सांगत बसण्यापेक्षा हा प्रश्न बरा. त्याच आवारात चित्रं असलेले खडकांचे नैसर्गिक आडोसेही आहेत. भीमबेटका जमणार नसेल तर आदिमानवाच्या चित्रांची ओळख इथे होऊन जाते.

डबा तिथेच झाडाखाली उघडावा आणि मग शेजारच्या जनजातीय संग्रहालयात जावं. ते २०१३ मध्ये सुरू झालं आणि दुपारी बारानंतर उघडतं, म्हणजे उन्हाच्या वेळी सावलीत राहण्याची सोय आपोआप झाली. गोंड, भिल्ल, बैगा, सहरिया, कोल, भारिया आणि कोरकू या मध्य प्रदेशातल्या जमातींचं जगणं इथे असं काही मांडलंय, की आत शिरलेली मुलं तासभर बाहेर येत नाहीत. मुलांच्या खेळांचं एक दालनच आहे. अमरावतीकडच्या मुलांना मी मुद्दाम कोरकूंच्या भागात उभं करते. मेळघाटातल्या बाजारात ज्यांना पाहिलं तीच ही माणसं, राज्याची सीमा मध्ये आली म्हणून त्यांची भाषा बदललेली नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. आपण सीमेवरची माणसं. हे आपल्या मुलांना पटकन कळतं.

त्यानंतर उतार उतरून मोठ्या तलावावर. अकराव्या शतकातल्या राजा भोजाच्या नावाशी जोडलेला हा तलाव. धाकटा तलाव त्याच्या बराच नंतरचा, १७९४ मधला. २००२ मध्ये दोन्ही मिळून 'भोज पाणथळ' म्हणून रामसर यादीत गेले. किनाऱ्याच्या कठड्यावर बसून सूर्य पाण्यात बुडताना पाहायला काहीच पडत नाही. हातात भाजलेलं कणीस असलं की झालं. शेजारीच वनविहार आहे. हे १९८३ मध्ये जाहीर झालेलं राष्ट्रीय उद्यान तलावाला चिकटूनच आहे. हरणं मोकळी फिरतात. वाघ, सिंह, अस्वलं मोठ्या आवारांत. अस्वलांपैकी काही मदाऱ्यांच्या ताब्यातून सोडवलेली आहेत, हे सांगितल्यावर मुलं गप्प होतात. तिथे सायकली भाड्याने मिळतात, पण मोठ्या दोघांना सायकलवर बसवावं, धाकट्यांना चालवावं. शनिवारी एवढं सगळं जमलं नाही तर वनविहार सोडून द्यावा. दमलेल्या मुलाला वाघही नकोसा होतो.

एक लहानशी युक्ती सांगते. सकाळीच प्रत्येक मुलाच्या हातात पन्नास रुपये द्यायचे. दिवसभराचा गोळा, फुगा, कणीस, पेप्सी सगळं त्यातूनच, वरती मागायचं नाही. मागच्या खेपेला एकीने अर्ध्या तासात उडवले आणि एकाने पन्नासच्या पन्नास घरी आणून दाखवले. कटकट मात्र एकदाही झाली नाही.

रविवारी कुठे जायचं हे मुलांच्या वयावर ठरवावं. लहान असतील तर सांची. भोपाळहून बीनाकडे जाणाऱ्या पॅसेंजरने तासाभरात सांची येतं, स्टेशनवरून टेकडीपर्यंत चालत जाता येतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मोठ्यांना चाळीस रुपये. वाटेत कर्कवृत्त ओलांडलं जातं, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेल्या मुलांना आधी सांगून ठेवा, खिडकीशी भांडण होईल. मूळ स्तूप अशोकाच्या काळातला, तोरणं त्यानंतर दोनेकशे वर्षांनी उभी राहिली. दक्षिणेच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी काम केल्याचा लेख आहे. दगडावरची ती बारीक नक्षी पाहताना त्यांचा हात कशावर बसलेला होता ते समजतं. मुलांसाठी तिथे एक खेळ तयारच आहे. या तोरणांवर बुद्ध माणसाच्या रूपात कोरलेला नाही, झाड, चक्र, पावलं, रिकामं आसन अशा खुणांनीच दाखवलाय. 'बुद्ध शोधा' म्हटलं की चारही जण माना वर करून फिरतात आणि मोठ्यांना पायरीवर टेकायला मिळतं.

मुलं बारा-तेराच्या पुढची असतील आणि अजून एखादं कुटुंब गाडीभाडं वाटून घ्यायला तयार असेल तर भीमबेटका आणि भोजपूर. बसने भीमबेटका होत नाही असं नाही, पण हमरस्त्यावरून तीनेक किलोमीटर चढ चालावा लागतो, उन्हाळ्यात तो नको. या जागेची गोष्ट मराठी मुलांना कळायलाच हवी. १९५७ मध्ये उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर भोपाळ-इटारसी मार्गावरून आगगाडीने जात असताना त्यांना खिडकीतून हे विचित्र आकाराचे खडक दिसले आणि ते शोध घ्यायला तिथे पोचले. २००३ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतली. पांढुर्ण्याहून येणारी गाडीही त्याच रुळांवरून येते. म्हणजे नर्मदेचा पूल गेला, घाटातलं जंगल संपत आलं की मुलांनी खिडकीबाहेर पाहायला लागावं. त्याला वेगळं तिकीट नाही. भोजपूरचं शिवमंदिर अपुरं राहिलं, त्यामुळे ते कसं बांधत होते ते तिथेच दिसतं. दगड वर चढवण्यासाठी केलेला मागचा मातीचा उतार आणि खडकांवर कोरलेले आराखडे अजून आहेत.

आमच्या थोरल्या भाचीने विचारलं होतं, "मामी, गॅस कुठे सुटला होता गं?" ती तेव्हा चौदाची. अशा प्रश्नाला उद्या सांगू म्हणू नये. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट, झोपेत असलेल्या वस्त्या. एवढं सरळ सांगावं आणि तिची तयारी असेल तर कारखान्यासमोरचा पुतळा दाखवावा. बाळाला कवटाळून उभी असलेली ही आई हॉलंडच्या शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी घडवली. लहानांना नेण्याची घाई नको.

बाकी वेळ सोनागिरीतच जातो आणि चांगला जातो. शनिवारी उशिरा पिपलानीच्या बाजारात पायी चक्कर, भेलच्या रुंद सावलीच्या रस्त्यांवर सकाळी बॅडमिंटन. संध्याकाळ मोकळी असेल तर आनंद नगरच्या पुढचं हथाईखेडा धरण, घराजवळचं आणि फुकट. डिसेंबर २०२५ पासून भोपाळची मेट्रो सुभाष नगर ते एम्स अशी धावू लागली. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलांना ती हवीच असते. सुभाष नगरला बसावं, राणी कमलापतीला उतरावं आणि परत यावं. तेवढ्यात त्यांचं समाधान होतं.

आणि हो, निघताना मुलांच्या हातावर खाऊला म्हणून ठेवायची नोट हिशेबातून आधीच बाजूला काढून ठेवावी. ती शेवटच्या क्षणी शोधायला लागली की यजमानांचा चेहरा पडतो आणि मुलांना तो दिसतो. रविवारी रात्रीच्या गाडीसाठी दशम्यांचा दुसरा डबा लागतोच, त्याचं पीठ दुपारी सांचीहून आल्याबरोबर भिजवावं.